थोरलीचा काटा

“वैनी, काटा मेलाय की!”

आमच्या दुकानातला फोन वाजला की पलीकडून बहुतेक वेळा हेच ऐकू येतं. नाव नाही, गाव नाही, कसं काय बरं हाय का, तेही नाही. ओरडणारा माणूस रानात उभा असतो, शेजारी ट्रॅक्टर धडधडत असतो, आणि कोल्हापूरपर्यंत आवाज पोचवायचं काम फोनचं नसून आपल्या घशाचं आहे अशी त्याची समजूत असते. मीही तेवढ्याच आवाजात विचारते, “मधी मेलाय का डावीकडं?” त्या उत्तरावर माझं निम्मं काम होतं.

ज्यांनी ट्रॅक्टर फक्त रस्त्यात आडवा आलेला बघितलाय त्यांच्यासाठी सांगते. जुन्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगपुढं पुरीएवढं एक घड्याळ असतं. त्याच्या मधोमध शून्य, उजवीकडं अधिक, डावीकडं उणे. इंजिन चालू असताना काटा उजवीकडं गेला तर बॅटरीत करंट भरला जातोय, डावीकडं गेला तर होता तोही संपत चाललाय. करंट तयार करतो डायनमो. तो इंजिनाच्या अंगाला बांधलेला असतो आणि पट्ट्यावर फिरतो. डायनमो आणि बॅटरीच्या मधे एक काळी डबी असते, तिला आम्ही कटआउट म्हणतो. तिचं काम गोठ्याच्या फाटकाचं. करंट बॅटरीकडं यायला लागला की उघडायचं आणि इंजिन मंदावलं की मिटायचं, नाहीतर बॅटरीतला करंट उलटा डायनमोकडं पळून जातो. एवढाच आमचा धंदा. एवढ्याशा धंद्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

दुकान मंगळवार पेठेत, तालमीच्या मागच्या बोळात. पाटीवर नाव आमच्या ह्यांचं. मी लग्न होऊन आले तेव्हा आर्मेचरवर तार गुंडाळायचं काम घरातच चालायचं. आर्मेचर म्हणजे डायनमोच्या पोटात फिरणारा तांब्याच्या तारांचा गठ्ठा. ह्यांची बोटं जाड, माझी बारीक. एकदा हे जेवायला बसले होते तेवढ्यात मी गंमत म्हणून एक गुंडाळून ठेवलं, आणि ते ह्यांच्यापेक्षा सरस झालं. “माझ्या पायावर मीच धोंडा मारून घेतला,” असं हे अजून म्हणतात. नवं गिऱ्हाईक आलं की माझ्या डोक्यावरून आत वाकून बघत विचारतं, “मिस्त्री हाईत काय?” मी म्हणते, “हाईत की. बोला.” मग ते इकडंतिकडं बघत बसतं आणि मी त्याच्या हातातला डायनमो काढून घेते.

एकेक नमुने आलेत. एकानं पट्टा तुटला म्हणून म्हशीचं दावं वळून पुलीवर चढवलं होतं, आणि वर “दावं तुटलं, आता म्हस काय म्हनंल” म्हणून मलाच ओरडत होता. दुसरे एक मास्तर होते. जुन्या परदेशी ट्रॅक्टरांत कित्येकदा बॅटरीची अधिक बाजू ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेली असते, आताच्या बरोबर उलटी. मास्तरांना ते बघवलं नाही. कुणीतरी येड्यानं उलटं जोडलंय म्हणून त्यांनी घरच्या घरी ते सुलट केलं आणि भसाभसा धूर निघाला. “वैनी, मी बरोबर केलं म्हणून जळालं,” असं ते अजून लोकांना सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही.

आता डायनमो उरलेत किती! नव्या ट्रॅक्टरला अल्टरनेटर येतो. तो गेला की खोलून बघत नाहीत, काढून दुसरा बसवतात. आमचं तार गुंडाळायचं मशीन जुन्या चादरीखाली झाकून ठेवलंय आणि दुकानात मी बहुतेक एलईडीच्या माळा विकते. त्यामुळं दारात कुणी डायनमो घेऊन उभं राहिलं की माझे हात शिवशिवायला लागतात. “बघ, तुझ्या माहेरचं माणूस आलं,” असं हे म्हणतात.

शांताक्का आली ती एप्रिलमधल्या दुपारी, जयंतीच्या आदल्या दिवशी. मुरगूडची. सत्तरीची काटक बाई, निळ्या काठाची साडी, आणि कडेवर मूल घ्यावं तसं एक पोतं घेतलेलं. एसटीनं आली होती. पायरीवर बसायच्या आधीच तिनं पोतं सोडलं.

“वायंडिंगवाल्या वैनी तुमीच न्हवं? ह्यो बगा आमचा डायनमो. ह्याला काय झालंय ते सांगा, न्हाईतर मी हितनं हलत न्हाय.”

“काटा मेलाय?”

“वर्सातनं एकदाच मरतोय. जयंतीच्या मिरवणुकीत. बाकी वर्सभर जिता.”

मला हसू फुटलं. डायनमोला कॅलेंडर कळायला लागलं तर आम्ही काय करायचं? पण तिचा चेहरा बघितला आणि हसू आवरून चहा सांगितला.

तिच्या ट्रॅक्टरचं नाव थोरली. अक्काचे मालक आणि गल्लीतली चार घरं यांनी मिळून तो घेतला, तेव्हाही तो जुनाच होता. त्याआधी त्यांच्या रानाला दुसऱ्यांचे ट्रॅक्टर यायचे, पण पाळी सगळ्यांच्या शेवटी. तोंडावर नाही कुणीच म्हणत नसे. “उद्या येतो” म्हणत, आणि पेरणीचा वाफसा निघून गेला की येत. थोरली आली आणि तो उद्या संपला. मालक गेल्यावर अक्का स्वतःच ट्रॅक्टर चालवायला शिकली. दर चौदा एप्रिलला मिरवणुकीच्या पुढं थोरली असते, तिच्यामागं ट्रॉली, ट्रॉलीवर प्रतिमा, बल्बांची कमान आणि कर्णा. सगळ्याला करंट थोरलीचा. भाड्याचा जनरेटर आणायचा नाही, हा अक्काच्या मालकांनी घातलेला दंडक. दुसऱ्याच्या उजेडावर विसंबू नका असं विहारात सांगतात, या माणसानं ते थेट वायरीपर्यंत नेलं होतं.

पण मालक गेल्यापासून काय व्हायचं, तर बाजारपेठेच्या वळणावर मिरवणूक थांबली की बल्ब पिवळे पडायचे, मग तांबडे, मग ठार अंधार. कर्णाही मुका. बाजारातली टवाळ मंडळी ते बघायला दुकानांच्या पायऱ्यांवर आधीपासून जागा धरून बसायची आणि “विझला रं विझला” म्हणून ओरडायची. पुढं मिस्त्री बोलवावा तर तोवर नांगरट सुरू झालेली असायची आणि काटा आपोआप उजवीकडं आलेला असायचा. मिस्त्री म्हणायचा, “अक्का, ह्यात फॉल्टच न्हाय.” कुणी म्हणालं दृष्ट लागली. कुणी म्हणालं थोरलीला गर्दी सोसत नाही.

“औंदा मंडळानं ठरवलंय,” अक्का म्हणाली. “अध्यक्ष सुनील म्हनून हाय. पोरगं वाईट न्हाय. पन म्हनालं, अक्का, माझा नवा ट्रॅक्टर जनरेटर चढवून मागं तयार ठिवतो. दिवे गेले की थोरली बाजूला घ्यायची आनि आमी पुढं.” तिनं बशीतला चहा तसाच खाली ठेवला. “वैनी, एकदा बाजूला घेतली की परत पुढं कोन घेतंय? आमी शेवटच्या पाळीतनं उठून पुढं आलोय. परत माघारी जायाचं आसंल तर मी त्या सीटवर बसणार न्हाय. कायमचंच.”

मी डायनमो टेबलावर घेतला. निळाशार, नुकताच रंगवलेला, हात लावला तर बोटाचा ठसा दिसावा इतका चकचकीत.

“ह्याला नवरीगत नटवलंय कुणी?”

“जयंती हाय न्हवं.”

तपासायला बॅटरीच्या वायरीचा चिमटा लावायचा म्हणून मी ब्लेडनं जरासा रंग खरवडायला गेले तर अक्का पायरीवरून उठलीच. “हां हां! वरखडा नगं!” मग मी चिमटा मधल्या उघड्या दांड्याला लावला. डायनमोला उलटा करंट दिला की तो मोटरीसारखा फिरतो, फिरला तर पोटात सगळं ठीक आहे असं समजायचं. हा असा फिरला की टेबलावरची चहाची बशी थरथरायला लागली. आर्मेचरला घासणारे कार्बनचे तुकडे चांगले. आर्मेचर चांगलं. तार तर अशी, की गुंडाळणाऱ्याचा हात धरून विचारावं, बाबा, कुठं शिकलास?

काही दुखत नसलेला रोगी आला की डॉक्टर चिडतो, तशी मी चिडले. आणि खरं सांगायचं तर आतून उकळ्याही फुटत होत्या. कित्येक वर्षांत मला असा तिढा कुणी दिला नव्हता.

“अक्का, उद्या सकाळी मीच येते मुरगूडला.”

“तुमी? सोता?”

“तर! काटा मरतोय कसा ते मला डोळ्यांनी बघायचंय.”

रात्री हे म्हणाले, “अल्टरनेटर बसवून मोकळी हो.” मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. सकाळी ह्यांनीच स्कूटर काढली, मी मागं हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसले.

गल्लीत निळ्या पताकांचं छत झालं होतं. पोरी रांगोळ्या घालत होत्या, कुठंतरी कर्णा घसा साफ करत होता, आणि या सगळ्यावर ऑइलपेंटचा ताजा वास. मधोमध थोरली. गोल नाकाची, बुटकी, नखशिखांत निळी. ऊन तिच्यावर पडून समोरच्या भिंतीवर चमकत होतं. मी आत्तापर्यंत शेकडो ट्रॅक्टर बघितले असतील, पण एखाद्या ट्रॅक्टरवर कुणाचा इतका जीव असलेला पहिल्यांदा बघितला.

तिथं अक्काचा भाचा प्रवीण होता. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशिनरी दुरुस्तीच्या कामावर आहे, हुशार पोरगा, रजा काढून आलेला. त्यानं एक अल्टरनेटर आधीच आणून ठेवला होता.

“काकू, डायनमोला इंजिन पळवावं लागतंय तवा कुठं करंट येतोय. मिरवणूक मुंगीच्या पावलानं चालत्या. ह्यो मंद चालीलाबी देतोय. दोन तासांचं काम.”

त्याचं म्हणणं सोळा आणे बरोबर होतं. डायनमोची ती खोडच आहे. पण अल्टरनेटर बसवायला डायनमो धरून ठेवणारा इंजिनाच्या अंगचा मूळ ब्रॅकेट कापावा लागणार होता. “थोरलीला कापायचं न्हाय,” अक्का एवढंच म्हणाली आणि आत गेली. आतून भांडं आदळल्याचा आवाज आला. प्रवीणनं अल्टरनेटर गुपचूप कट्ट्याखाली सरकवला.

डायनमो बसवला, पट्टा ताणला, इंजिन चालू केलं. दिवे लावल्याबरोबर काटा डावीकडं पडला. इंजिन पळवलं तरी तिथंच. मेला म्हणजे मेला!

आधी डायनमोकडंच वळले. त्याच्या दोन्ही वायरी सोडल्या, दोन टोकं जोडली, मीटरच्या वायरीच्या टोकाची लाल सुई तिथं धरली आणि काळी सुई कार्बनच्या खिडकीतून आत घालून उघड्या लोखंडाला टेकवली. मीटर भरभरून बोलला. म्हणजे डायनमो करंट देतोय. मग दोष कटआउटचा. माझ्या पिशवीत जपून ठेवलेला एक चांगला कटआउट होता, तो लावून बघितला. काटा डावीकडंच. पट्टा पुन्हा ताणला, वायरी एकेक हातानं चाचपल्या, बॅटरीची टोकं घासली. ऊन डोक्यावर आलं. मी पाना असा आपटला की रांगोळी घालणारी पोरगी दचकली आणि तिची रेघ हुकली.

तेवढ्यात सुनील आला. पांढरा शर्ट, कपाळाला निळी पट्टी. अगदी प्रेमानं म्हणाला, “अक्का, जनरेटरात डिझेल भरून ठिवलंय. तुमी काळजी करू नगासा.” अक्कानं मान हलवली. तिची ती मान बघून मला सुनीलचा, थोरलीचा आणि स्वतःचा, तिघांचाही एकदम राग आला.

“काकू, मी एकदा मोजू?” प्रवीणनं विचारलं.

“मोज की. मीटर काय माझ्या सासरचा हाय?”

त्यानं स्वतःचा मीटर काढला. लाल सुई मी लावली होती तिथंच लावली. काळी सुई हातात धरून तो इकडंतिकडं बघायला लागला आणि शेवटी तिकडं बॅटरीच्या, ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेल्या टोकाला नेऊन टेकवली.

“काकू, हितं तर काईच न्हाय.”

“काईच न्हाय कसं?” मी माझी काळी सुई पुन्हा खिडकीतून आत घातली. भरपूर करंट. त्याच्या मीटरवर नावाला काही नाही. डायनमो एकच, इंजिन एकच, लाल सुया दोघांच्या एकाच जागी, आणि दोन मीटर दोन गोष्टी सांगत होते.

मी त्याच्या काळ्या सुईचा माग काढत बॅटरीपर्यंत गेले.

“काळी बॅटरीला का लावलीस? जवळ हितं बॉडी हाय की.”

प्रवीणनं दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. “आत्ती बघायल्यात. रंगाला वरखडा पडला तर आज जेवाय मिळायचं न्हाय.”

मी जागच्या जागी उडी मारली. या वयात, गुडघ्यांचं काही न ऐकता. “रंग!” मी ओरडले. “अरं रंग!” ह्यांना वाटलं मला शॉक बसला, म्हणून हे धावत आले.

आता बघा. डायनमोतून करंट निघतो तो वायरीनं जातो, पण परत यायला वायर नसते. परतीची वाट म्हणजे ट्रॅक्टरचं अंग. बॅटरीचं एक टोक त्या अंगालाच जोडलेलं असतं. तिथून इंजिनाचं लोखंड, त्याला टेकलेलं ब्रॅकेटचं लोखंड, त्याला टेकलेलं डायनमोचं लोखंड, अशी ती वाट पुरी होते. मधे कुठं लोखंड लोखंडाला टेकलं नाही की वाट तुटली. मी डायनमोच्या आत मोजत होते, तिथं सगळं आलबेल होतं. प्रवीण त्या तुटलेल्या वाटेच्या पलीकडून मोजत होता.

“अक्का,” मी हाक मारली, “थोरलीला रंग कोन देतंय?”

“मीच की. दर जयंतीला. दुसऱ्या कुणाचा हात लागू देत न्हाय.”

“डायनमो काढून देताय?”

“मग! वरवरचा दिऊन कसं चालंल? मागनं गंज धरला तर? डायनमो काढतो, त्यो कटआउटचा डबा काढतो, पाठीमागनंबी देतो. ह्ये बोल्ट कोरडेच ठिवायचे, मी त्येबी रंगात बुडवून वाळवतो. तवा परत बसवतो.”

पाना घेतला, डायनमो उतरवला. जिथं लोखंडानं लोखंडाला टेकायचं तिथं गुळगुळीत निळा लेप. बोल्ट निळे. कटआउटची परतीची वायर जिथं आवळली होती तिथंही निळं. मिरवणुकीच्या आधी अक्का ही वाट मायेनं बंद करायची. मग पुढं नांगरटीत धक्के बसून बोल्टाखालचा रंग चिरडायचा, लोखंडाला लोखंड भेटायचं आणि काटा जिता व्हायचा. मिस्त्री यायचा तो तेव्हा. त्याला फॉल्ट दिसणार कुठून?

मी हे सगळं उत्साहाच्या भरात सांगून टाकलं, हातवारे करून, हसत हसत. अक्का मात्र हसली नाही.

“म्हंजे इतकी वर्सं मीच विझवत हुतो व्हय?”

मी हातातला पाना खाली ठेवला.

“तुमी न्हाय आत्ती, रंगानं विझवला,” प्रवीण म्हणाला.

“रंग काय आपल्या पायानं गेलता तितं?”

मी पिशवीतून कानस काढली. मग म्हटलं, “अक्का, आंगठ्याएवढी जागा उघडी करावी लागंल. हितं ब्रॅकेटाला आनि तितं डब्यामागं. दुसरी वाट न्हाय.”

तिनं ब्रॅकेटवर बोट ठेवलं. “सगळ्यात खालचा थर ह्येंच्या हातचा हाय. पयल्या जयंतीचा.”

माझ्या हातात कानस होती, पण हात पुढं जाईना. हजार आर्मेचरं उलगडली असतील मी, दुसऱ्यांनी गुंडाळलेली तार कचाकचा कापून काढलीय, कधी काही वाटलं नाही. इथं वाटलं. अक्कानं माझ्याकडं बघितलं, पदर खोचला आणि कानस माझ्या हातातून काढून घेतली.

ती घासायला लागली. वरचा निळा गेला, खाली दुसरा निळा. त्याखाली जरा काळपट, त्याखाली आकाशी. दर वर्षी दुकानात मिळेल तो निळा. ती थांबून तोंडानं फुंकर मारायची आणि पुन्हा घासायची. शेवटी एक फिकट, विटलेला निळा आला. तिथं ती थबकली. कानस त्याच्यावर तशीच टेकलेली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

“उजेड पायजे म्हनून तर रंग दिलता तेनी,” ती स्वतःशीच म्हणाली आणि एका दमात पुढं घासत गेली. पांढरं लखलखीत लोखंड वर आलं.

पुढचं काम मी आणि प्रवीणनं झपाट्यानं केलं. उघड्या लोखंडाला गंजू नये म्हणून व्हॅसलिन लावलं, बोल्ट घासले, डब्यामागची जागा मोकळी केली, शिवाय डायनमोपासून बॅटरीपर्यंत एक जाड वायर टाकली, म्हणजे परतीची वाट पुन्हा कुणाला बंद करता येऊ नये. प्रवीणनं कमानीतले निम्मे बल्ब काढून एलईडीचे लावले, तेवढाच भार कमी. मग अक्का सीटवर बसली. सगळे दिवे लावले. काटा डावीकडं. तिनं इंजिन चालू केलं आणि इंजिन पळवायचा हाताचा खटका वर ओढला.

काटा हलला. शून्यावर आला, थरथरला, आणि टुणकन उजवीकडं गेला. काय सांगू! गल्लीत दिवाळी झाली. प्रवीण शिट्ट्या मारत होता, रांगोळीवाल्या पोरी काय झालं ते न कळताच टाळ्या वाजवत होत्या, आणि दुकानात कधी माझं कौतुक न करणारे आमचे हे, “माझी बायको हाय!” म्हणून अनोळखी माणसाला सांगत होते. जेवायला वाढलं तरी मी बसेना, चारदा उठून काटा बघून आले.

पण खरी परीक्षा पुढं होती. उभ्या ट्रॅक्टरवर काटा हलणं वेगळं आणि मिरवणुकीत हलणं वेगळं. मी अक्काला पढवलं, “चाल मुंगीची, पन इंजिन मुंगीचं न्हाय. खालचा गिअर आनि खटका वर. थांबलीसा की गिअर काढायचा, खटका आनखी वर.” कोल्हापूरला परत जायचा विषय ह्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

तिन्हीसांजेला मिरवणूक निघाली. पुढं लेझीम, मग थोरली, मग ट्रॉली, आणि सगळ्यांच्या मागं सुनीलचा नवाकोरा ट्रॅक्टर, जनरेटर चढवलेला, दोन्ही हेडलाइट लावून तयार. मी थोरलीच्या चाकाशेजारून चालत होते, एका हातानं मडगार्ड धरून, आणि माझा जीव त्या पुरीएवढ्या घड्याळात अडकला होता.

बाजारपेठेचं वळण आलं. टवाळ मंडळी पायऱ्यांवर जागा धरून बसलेली होतीच. नेमके तिथंच लेझीमवाले रंगात आले आणि मिरवणूक थांबली. थांबली ती हलेना. इंजिन मंदावलं, काटा शून्यावर उतरला आणि डावीकडं झुकायला लागला. कमानीवरचे जुने बल्ब पिवळे पडले. पायऱ्यांवर कुणीतरी उभं राहिलं.

“अक्का, खटका!” मी ओरडले. पण तिनं आधीच गिअर काढला होता. खटका वर गेला. थोरलीनं नळीतून काळा धूर सोडला आणि अशी गर्जली की लेझीमवाल्यांचा ठेका चुकला. बल्ब पिवळ्यातून पांढरे झाले. प्रतिमेवरचा हार लखलखला. कर्णा इतका खणखणीत झाला की माझ्या कानाला दडे बसले.

पायऱ्यांवरचा एकजण म्हणाला, “आं? विझला न्हाय की!”

“तुमी विझा आता,” अक्का मान न वळवता म्हणाली, आणि अख्खा बाजार हसला.

मागून सुनील धावत आला. त्यानं एकदा कमानीकडं बघितलं, एकदा अक्काकडं. मग मागं वळून आपल्या ड्रायव्हरला ओरडला, “हेडलाइट बंद कर रं! थोरलीचा उजेड दिसंना झालाय.”

मागचा झगझगाट विझला. रस्त्यावर फक्त पुढचा उजेड उरला, तेवढा पुरेसा होता. लेझीम पुन्हा सुरू झाली आणि थोरली वळणावरून पुढं निघाली. अक्का सरळ समोर बघत होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर, गाल ओले.

“वैनी,” ती म्हणाली, “काटा बगा की. मला दिसंना झालाय.”

“उजवीकडं हाय अक्का. जिता हाय.”